इलेक्ट्रिक कारमधील साइड एअरबॅगच्या वायरिंगचा दोष: शोध आणि दुरुस्ती

डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा विझत नाही आणि स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र) साइड एअरबॅगच्या सर्किटचा कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, दाखवतो, तेव्हा पहिला संशय एअरबॅगवरच जातो. सीटच्या पाठीत बसवलेल्या साइड एअरबॅगच्या बाबतीत मात्र दोष बहुधा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये किंवा तिथून पाठीकडे जाणाऱ्या वायरीत निघतो. सीट मागेपुढे सरकताना वायर ताणली जाते, सीटखाली कोंबलेल्या वस्तू कनेक्टरला धक्के देतात, सांडलेले पाणी गालिच्यात मुरून पिनांपर्यंत पोहोचते. एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरचा रोध साधारण २ ओहम असतो आणि एअरबॅगचे कंट्रोल युनिट अतिशय सूक्ष्म प्रवाह सोडून तो सतत मोजत असते. त्यामुळे पिनेवर जमलेल्या गंजाने एखाददुसऱ्या ओहमची भर घातली, तरी कोड नोंदला जाऊ शकतो. असा दिवा पेटलेला असताना ती एअरबॅग, आणि काही गाड्यांत संपूर्ण यंत्रणाच, अपघाताच्या वेळी उघडेल याची खात्री धरता येत नाही.

कोणतेही कनेक्टर काढण्यापूर्वी सर्व कोड लिहून घ्यावेत. रोध जास्त किंवा सर्किट ओपन असा कोड असेल, तर ढिली पिन, गंज किंवा तुटलेली वायर शोधावी. रोध कमी असा कोड दोन वायरी एकमेकींना टेकल्याचे सुचवतो. अर्थला किंवा बॅटरीच्या धनाग्राला शॉर्ट झाल्याचा कोड आला, तर सीटच्या रेलखाली चिरडलेले इन्सुलेशन प्रथम पाहावे. दरवाजातील दाब-सेन्सर किंवा मधल्या खांबातील धडक-सेन्सर यांच्या वायरी वेगळ्या असतात आणि त्यांचे कोडही वेगळे असतात. घाईत वाचणारा नेमका इथे नाहक सीट उघडून बसतो. पुरवठ्याचा व्होल्टेज कमी असल्याचा कोड सोबत असेल, तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासावी.

इलेक्ट्रिक कारमध्येही एअरबॅगची यंत्रणा १२ व्होल्टवरच चालते, त्यामुळे या कामात उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावण्याचे कारण नाही. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. गाडी ‘रेडी’ (चालवण्यास तयार) स्थितीत असताना, चार्जिंग सुरू असताना आणि काही गाड्यांत नुसती उभी असतानाही, डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टचा पुरवठा करतो, म्हणून केवळ बॅटरीचे टर्मिनल सोडले की पुरवठा तुटला असे मानू नये. गाडी पूर्ण बंद करावी, चार्जिंगची गन काढावी, मग सर्व्हिस डिस्कनेक्ट (मोठी बॅटरी तोडणारा जोड) आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा ऋणाग्र उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने सोडावेत. विजेवर चालणारी हँडले असलेल्या गाडीत बॉनेट आणि एक काच आधीच उघडी ठेवलेली बरी. कंट्रोल युनिटमधील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते; ती उतरण्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे पूर्ण थांबावे. कनेक्टरला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी.

आता मुख्य नियम: मल्टिमीटरची टोके एअरबॅगच्या टर्मिनलना कधीही लावू नयेत. इग्नायटर पेटायला सुमारे एक अँपिअरचा क्षणिक प्रवाह पुरतो आणि हातातला मीटर किती प्रवाह सोडतो याचा भरवसा धरण्यासारखा नसतो. त्याऐवजी एअरबॅगचे कनेक्टर सोडून तिच्या जागी उत्पादकाने ठरवलेला, साधारण २ ओहमचा पर्यायी लोड जोडावा, बॅटरी पुन्हा जोडून कोड पाहावा. स्कॅनरवर ‘चालू’ दिसणारा दोष ‘जुना’ (आता नसलेला) दिसू लागला, तर बिघाड एअरबॅगच्या बाजूला किंवा तिच्या जोडावर आहे. तो तसाच राहिला, तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, दोषी आहे. लोड जोडलेला असतानाच सीट पूर्ण मागेपुढे व वरखाली करून वायर हलकेच हलवावी. अधूनमधून येणारा दोष याच वेळी सापडतो.

हार्नेस मोजायचा असेल, तर बॅटरी पुन्हा सोडून, ठरलेली मिनिटे थांबून, त्याची दोन्ही टोके मोकळी करावीत आणि प्रथम मीटरची टोके एकमेकांना लावून येणारे वाचन वजा करावे. इथे एक सापळा आहे. कनेक्टर सोडताच त्यातील शॉर्टिंग पट्टी दोन्ही पिना आपोआप जोडते, जेणेकरून स्थिर विजेने एअरबॅग पेटू नये. ही पट्टी विसरलेला माणूस शून्य ओहम पाहून धडधाकट वायरीला शॉर्ट ठरवतो. पट्टी मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणेच बाजूला करावी. पिनेत मीटरचे जाड टोक खुपसल्यास ती कायमची सैल होते, त्यामुळे योग्य मापाचा अ‍ॅडॉप्टर वापरावा.

दुरुस्तीत माझे मत कडक आहे. सुटलेले कनेक्टर नीट बसवून त्याचे दुय्यम लॉक दाबणे हे कोणताही काळजीपूर्वक काम करणारा मेकॅनिक करू शकतो. गंजलेली पिन मात्र घासू नये, बदलावी, कारण घासल्याने तिचा मुलामा जातो. अनेक उत्पादक एअरबॅगच्या वायरीला जोड देण्यास मनाई करतात आणि तेथे हार्नेसच बदलावा लागतो. परवानगी असेल, तर त्यांनी दिलेल्या किटमधील क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी हीट-श्रिंक नळी वापरावी. सोल्डर करू नये, कारण त्याच्या कडेला तार ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते, तर हाताने पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पुढच्या कोडचे आमंत्रण ठरतो. दोन्ही वायरींचा मूळचा पीळ तसाच ठेवावा, कारण तो बाहेरचा विद्युत गोंगाट अडवतो. वायर मूळ क्लिपांतूनच न्यावी आणि सीट सर्व टोकांपर्यंत सरकवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहावे. मजल्याखाली मोठी बॅटरी असल्याने नवी क्लिप बसवण्यासाठी तिथे भोक पाडू नये.

शेवटी सर्व कनेक्टर जोडल्यावर १२ व्होल्टची बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी, आणि गाडी पहिल्यांदा सुरू करताना आत कोणी बसलेले नसावे; पॉवरचे बटण उघड्या दारातून, एअरबॅगच्या मार्गाबाहेर राहून दाबावे. कोड पुसल्यावर दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो अजिबात पेटलाच नाही, तर तोही दोषच आहे. सीट काही वेळा पूर्ण सरकवून आणि गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणून कोड पुन्हा वाचावेत. तोच कोड परत आल्यास जोडावर आणखी जोड न देता सीटखालचा संपूर्ण हार्नेस बदलावा.