शून्य टक्के म्हणजे ईएमआय नव्हे

दर सप्टेंबरात ब्रिटनमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येतोच: "अनफर्निश्ड घर मिळालंय, सोफा, बेड, वॉशिंग मशिन सगळंच घ्यायचंय. शून्य टक्के व्याजवालं कुठलं क्रेडिट कार्ड घेऊ?" पाच मिनिटांत चार जण आपापली रेफरल लिंक टाकून मोकळे होतात. त्या लिंकवरून कुणी कार्ड घेतलं की टाकणाऱ्याला बक्षीस मिळतं, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. इथे येऊन मला चौदा वर्षं झाली. माझ्याकडे लिंक नाही, पण या कार्डापायी बसलेला फटका आहे, तो सांगते.

आधी एक कटू गोष्ट. तुम्ही गेल्याच महिन्यात विमानातून उतरला असाल तर हे कार्ड तुम्हाला बहुधा मिळणार नाही. भारतात सिबिल ८०० असेल, पण एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या इथल्या तीन संस्थांच्या लेखी तुम्ही कालच जन्मलात. पहिलं वर्ष एखादं कमी लिमिटचं साधं कार्ड घ्या, महिन्याचा किराणा त्यावर करा आणि बिल दर वेळी पूर्ण भरा. मतदार यादीत नाव नोंदवा. भारतीय पासपोर्टवर कसलं मतदान, असं आपल्या लोकांना वाटतं. पण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, आणि बँका तुमचा पत्ता पडताळायला तीच यादी बघतात. पत्ता सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखा लिहा. माझा बँकेत 'फ्लॅट ३, १२' होता आणि विजेच्या बिलावर '१२ सी'. घर एकच, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी दोन. सहा महिने माझे अर्ज का नाकारले जात होते, ते मला कळतच नव्हतं.

आणि नकार आला म्हणून लागोपाठ चार ठिकाणी अर्ज करत सुटू नका. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. कार्ड मिळण्याची शक्यता किती, ते आधी ऑनलाइन 'एलिजिबिलिटी चेकर'वर बघा, त्याची नोंद इतर बँकांना दिसत नाही.

आता मुद्द्याचं. इथे शून्य टक्क्यांची कार्डं मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. एक 'परचेस'चं, म्हणजे नव्या खरेदीवर अमुक महिने व्याज नाही. दुसरं 'बॅलन्स ट्रान्सफर'चं, जुन्या कार्डावरचं कर्ज हलवण्यासाठी, आणि त्यात बहुतेक वेळा हलवलेल्या रकमेवर ३ टक्क्यांच्या आसपास फी लागते. सोफा घ्यायचा तर पहिलं हवं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात शून्य दिसलं म्हणून दुसरंच कार्ड घेऊन आलेले दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत. साध्या कार्डावर '५६ दिवस व्याजमुक्त' लिहिलेलं असतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ती सवलत बिल पूर्ण भरणाऱ्याला.

माझी चूक अशी. आमचं दुसरं वर्ष, घर रिकामं, फ्रीजसुद्धा नाही. १८ महिने शून्य टक्के असं कार्ड मिळालं. एका शनिवारात २,१६० पौंडांची खरेदी करून आलो. डोक्यात भारतातला नो-कॉस्ट ईएमआय पक्का बसलेला: दुकानदार आणि बँक मिळून हप्ते पाडतात, आपण फक्त खात्यात पैसे ठेवायचे. कार्डाच्या फॉर्मवर डायरेक्ट डेबिटपुढे, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप किती कापायचे त्यापुढे, 'मिनिमम पेमेंट' (किमान रक्कम) हा पर्याय होता. मला वाटलं, हाच आपला हप्ता. टिक केलं. दर महिन्याला २५ पौंड कापले जायचे, आणि मी नवऱ्याला सांगायचे, बघ, किती स्वस्तात पडलं.

१८ महिन्यांत भरले गेले ४५० पौंड. १,७१० तसेच उभे. एकोणिसाव्या महिन्यापासून २४.९ टक्के व्याज सुरू झालं, म्हणजे पहिल्याच महिन्याला साधारण ३२ पौंड नुसतं व्याज. बँकेने काही लपवलं नव्हतं. दर स्टेटमेंटवर एक ओळ होती, फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला जास्त काळ लागेल आणि खर्चही जास्त येईल. मी स्टेटमेंट उघडतच नव्हते. गोऱ्यांचा हा स्वभाव ओळखून घ्या: सगळं छापून देतात, अतिशय गोड भाषेत, आणि एकदा छापलं की त्यांची जबाबदारी संपली. आपल्याकडे निदान फोन करून डोकं खातात.

तर हप्ता इथे कुणी पाडून देत नाही, तो आपणच पाडायचा. २,१६० भागिले १८ म्हणजे १२० पौंड. मी आता मुदतीतला एक महिना वजा करून १७ ने भागते, १२८ होतात, आणि डायरेक्ट डेबिटमध्ये 'ठरावीक रक्कम' निवडून तो आकडा टाकते. कार्ड निवडायची रीतही हीच, फक्त उलटी. आधी दर महिन्याला सुखाने किती भरता येईल ते ठरवा, खरेदीची रक्कम त्याने भागा, जेवढे महिने येतील तेवढ्या मुदतीचं कार्ड बघा. आणि जाहिरातीतल्या 'अप टू' या दोन शब्दांकडे लक्ष द्या. 'अप टू २० महिने' असं वाचून अर्ज केलात तरी तुम्हाला १२ मिळू शकतात. लिमिटही बऱ्याचदा अर्ज मंजूर झाल्यावरच कळतं. म्हणून कार्ड हातात येऊन आकडे दिसेपर्यंत दुकानात काही ठरवू नका. मुदत बहुतेक वेळा खातं उघडल्या दिवसापासून मोजतात, सोफा घेतल्यापासून नव्हे.

पहिला हप्ता स्वतः हाताने भरा, डायरेक्ट डेबिट सुरू व्हायला वेळ लागतो. एक हप्ता चुकला की साधारण १२ पौंड दंड, आणि बऱ्याच कार्डांवर शून्य टक्क्यांची सवलतही जाऊ शकते. भारतात महिनाभर जाताना पगाराच्या खात्यात पैसे सोडून जा.

त्या कार्डावर एटीएममधून पैसे काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. भारतात घरी पैसे पाठवण्यासाठीही ते वापरू नका, बऱ्याच बँका त्याला रोख काढल्यासारखंच धरतात.

फर्निचरची मोठी दुकानं स्वतःच तीन-चार वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतात. आपली मंडळी त्याला नाक मुरडतात, 'दुकानदाराचं कर्ज कशाला' म्हणून. ज्याला स्टेटमेंट उघडायचा कंटाळा आहे त्याने सरळ तेच घ्यावं असं माझं मत आहे. त्यात हप्ते खरंच समान पाडलेले असतात. फक्त तोच सोफा इतर दुकानांत केवढ्याला आहे ते आधी बघा.

क्रेडिट कार्डाची एक बाजू मात्र मला मनापासून आवडते. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५. वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर माल न मिळाल्यास किंवा खराब निघाल्यास दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. किंमत एका वस्तूची मोजतात, बिलाची बेरीज नाही. आणि पूर्ण रक्कम कार्डानेच द्यायला हवी असंही नाही. आम्ही ६४० पौंडांच्या जेवणाच्या टेबलाचे १०० पौंड क्रेडिट कार्डाने दिले, उरलेले डेबिटने. टेबल यायच्या आधीच दुकान बुडालं. फोन उचलेना, दारावर कुलूप. मी कार्ड कंपनीला ऑर्डरची पावती आणि बंद दुकानाचा फोटो पाठवला, पाच आठवड्यांनी ६४० च्या ६४० परत आले. मात्र मध्ये एजंट किंवा ऑनलाइन बाजारातला तिसराच विक्रेता असेल तर हे संरक्षण तुटू शकतं. आणि खरेदी मूळ कार्डधारकाने करावी, त्याच खात्यावर घरच्या दुसऱ्या कुणाच्या नावाने घेतलेल्या जोडकार्डावर केली की वाद निघतात.

घरासाठी मॉर्गेज काढायचा विचार वर्षभरात असेल तर बिनव्याजी असलं तरी हे कर्जच मोजलं जातं, तेव्हा आधी फेडा. आणि मुदत संपायची तारीख मोबाइलमध्ये नको, तिथे ती स्वाइप होऊन जाते. आमच्याकडे फ्रीजवर कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात संकष्टीच्या चौकोनाशेजारी लाल पेनाने लिहिलेली असते.