डाइव्ह वॉच घेताय? आधी या चुका टाळा

दर महिन्याला कुणी ना कुणी मला घड्याळाचा फोटो पाठवतं, "कालच घेतलं, बघ ना कसं आहे." अरे, पैसे देण्याआधी पाठवा की! नंतर मी काय सांगणार.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जुन्या घड्याळाच्या डायलवर 200 मीटर लिहिलंय म्हणून ते आजही पाण्यात चालेल असं धरून चालणं. तो आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचा. पाणी अडवतात ती आतली रबरी गॅस्केट, आणि रबर वर्षांनी कडक होतं, चपटं होतं, चिरतं. माझ्या मित्राने सत्तरच्या दशकातलं ट्यूडर सबमरीनर हे डाइव्ह वॉच घेतलं, विकणारा म्हणाला आत्ताच सर्व्हिस केलीय, हा खूश, आणि पुढच्याच आठवड्यात तारकर्लीला स्कूबाला निघाला. म्हटलं, जाण्याआधी प्रेशर टेस्ट करून घे, म्हणजे दाबाखाली ते पाणी अडवतं का कळेल, फार वेळ लागत नाही. तर म्हणे "डाइव्ह वॉचच आहे ना!" वर आला तेव्हा काचेच्या आत वाफ. मग ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात, मग परतीचा प्रवास, आणि लक्ष्मी रोडच्या घड्याळजी काकांनी मागचं झाकण उघडलं तेव्हा मशीनवर गंज चढलेला आणि डायलचा रंग फुगलेला. मशीनचे पार्ट शोधून मिळतात, ओरिजिनल डायल गेली की गेली, आणि विंटेजमध्ये खरा पैसा डायलचाच असतो. खारं पाणी शिरलं तर तांदूळ विसरा, कुडाळ असो नाहीतर मालवण, त्याच दिवशी जो घड्याळजी सापडेल त्याच्याकडून उघडून घ्या. मी दरवर्षी पावसाळ्याआधी माझ्या सगळ्या घड्याळांची टेस्ट करून घेतो आणि टिळक टँकवर पोहायला नवंच घड्याळ घालतो. जुनं पास झालं तरी नाही.

दुसरी चूक रेडियमची, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो त्या चमकणाऱ्या ठिपक्यांची. साठच्या दशकापासून बऱ्याच स्विस घड्याळांत त्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरायला लागले, सहाच्या खाली बारीक अक्षरात "T < 25" असतं. ट्रिटियम साधारण 12.3 वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे 1980 च्या घड्याळात आज त्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. तरी ते रात्रभर झगझगीत दिसत असेल तर नंतर कुणीतरी ठिपके भरलेत. तसं घ्यायला हरकत नाही, पण भाव त्या हिशोबाने पाडा. मी सरळ बाथरूममध्ये जाऊन लाइट बंद करतो आणि डायल आणि काटे सारखेच चमकतात का बघतो, मग उजेडात दोन्हींचा पिवळेपणा जुळवतो. दोन मिनिटं लागतात, आणि एवढाही धीर नसेल तर विंटेजच्या वाटेला जाऊच नका. साठच्या दशकाआधीच्या बऱ्याच घड्याळांत खरंखुरं रेडियम असतं, ते किरणोत्सर्गी आहे आणि चमक गेली तरी तिथेच असतं, घरी उघडू नका.

बाकी पटापट सांगतो. क्राउन, म्हणजे बाजूची चावी, नीट आवळल्याशिवाय हात धुवायलाही जाऊ नका. गरम पाण्याच्या शॉवरखाली नको. "पॉलिश करून नव्यासारखं केलंय" ऐकलं की मी उठतो, कडा घासून गोल झाल्या की परत येत नाहीत. हेलियम व्हॉल्व्ह प्रेशर चेंबरमध्ये दिवसच्या दिवस राहणाऱ्या डायव्हरसाठी असतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, विकणारा रोखच मागत असेल तर निघा. वेटिंग लिस्टला कंटाळून नव्या घड्याळाला दुप्पट भाव देणाऱ्यांना तर मी हात जोडतो, थांबा रे थोडं.

आणि हो, रोलेक्सच्या जुन्या 5513 मॉडेलचं बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, आजच्या डाइव्ह वॉचसारखं एकाच बाजूला न फिरता दोन्ही बाजूंनी फिरतं म्हणून खराब समजून परत करू नका, एक पोरगा चांगला पीस असाच सोडून आला. ते मॉडेल बनलंच तसं होतं.