सर्वेलाईट ओळखायचंय? आधी त्याच्या दोन भावंडांना बाजूला काढा

नुसत्या डोळ्यांनी हे खनिज शोधायच्या भानगडीत पडू नका, मिळालं तरी ते बहुतेक सूक्ष्म कणांतच असतं आणि पॉलिश केलेल्या सेक्शनमध्येच, म्हणजे दगडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या कापातच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. चांदीचे चार अणू, टेल्यूरियमचा एक, गंधकाचा एक, बस्स. पहिला नमुना मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, मोक्तेसुमाजवळच्या बाम्बोया खाणीतला, १९८९ साली वर्णन झालं आणि नाव बेर्नार सर्वेल या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाचं. नंतर रोमानियातही सापडलं, तिथल्या कणांत काही ठिकाणी चांदीच्या जागी तांबं घुसलेलं आहे, म्हणून तांबं मोजायला विसरू नका.

नमुना गरम न करता घट्ट होणाऱ्या थंड इपॉक्सीतच (चिकट राळेत) बसवा. दोन भावंडांपैकी अकँथाईट या खनिजाची रचना साधारण १७३ अंश सेल्सियसला बदलते, दुसऱ्या भावंडाची, हेसाईटची, त्याच्याही खाली, मग उगाच गरम कशाला करायचं. पॉलिश करताना हात हलका ठेवा, ही मंडळी मऊ आहेत, लगेच ओरखडे पडतात.

आता खरी गंमत. हेसाईट म्हणजे चांदी आणि टेल्यूरियम, अकँथाईट म्हणजे चांदी आणि गंधक, या दोघांचा एकेक रेणू घेतला की बेरीज बरोब्बर सर्वेलाईट! म्हणजे मायक्रोप्रोबचा (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) झोत दोघांच्या बारीक मिश्रणावर पडला तर ७३ टक्के चांदी, २१.६ टेल्यूरियम, ५.४ गंधक असं अगदी देखणं उत्तर येऊ शकतं आणि खनिज मात्र तिथे नसतंच. एका पॉइंटवर नाचू नका राव. एकाच कणावर सहा-सात ठिकाणी मोजा, आकडे जागचे हलले नाहीत तर ठीक, पण चांदी कधी ६३ टक्क्यांकडे (हेसाईट) कधी ८७ कडे (अकँथाईट) झुकायला लागली की समजा मिश्रण आहे. बॅकस्कॅटर चित्रात (परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात, जड मूलद्रव्यं जास्त उजळ) हेसाईट सगळ्यात उजळ, अकँथाईट सगळ्यात गडद, आपला कण मधल्या करड्या छटेचा आणि आतून एकसारखा दिसायला हवा, ठिपके-रेघा दिसल्या तर सोडून द्या.

झोताचा करंट कमी ठेवा आणि झोत जरा पसरवा, नाहीतर मोजता मोजता चांदी जागची हलते. शेजारी शिसं असेल तर ईडीएसवर (क्ष-किरण ऊर्जेनुसार वेगळे करणाऱ्या पद्धतीत) आलेखावरचं त्याचं शिखर गंधकाच्या शिखराला चिकटतं, तिथे डब्ल्यूडीएसच (तरंगलांबीनुसार वेगळे करणारी, जास्त नेमकी पद्धत) वापरा, ईडीएसचं सॉफ्टवेअर काहीही म्हणो.