बुद्धी, भावना आणि दोन रकान्यांचा चकवा

पाश्चात्त्य सांस्कृतिक इतिहासातील बुद्धी आणि भावना यांच्या ताणावर प्रबंध लिहू पाहणाऱ्यांना प्लेटोचा रथ (बुद्धी सारथी, भावना आणि वासना घोडे) आणि ज्ञानोदय, म्हणजे बुद्धीला अग्रस्थान देणारे अठराव्या शतकातील युरोपीय वैचारिक पर्व, ठाऊक असतातच. चकवा लागतो तो पुढे. अठराव्या शतकाच्या रकान्यात बुद्धी, एकोणिसाव्याच्या रकान्यात भावना, असा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर तयार होतो आणि मग त्यात बसेल तेवढेच ग्रंथांतून वेचले जाते.

मूळ ग्रंथ उघडले की हा तक्ता कोसळतो. बुद्धी भावनांची दासी आहे आणि तिने तसेच असावे, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने लिहिले ते १७३९ मध्ये, ऐन ज्ञानोदयात. तेही वाक्य सुटे उचलले तर घात करते. बुद्धी वस्तुस्थिती आणि साधने दाखवते, पण कृतीची ओढ एकट्या तिच्यातून निर्माण होत नाही, हा त्याचा मुद्दा आहे. शिवाय जवळजवळ जाणवतही नाहीत अशा शांत प्रेरणाही तो भावनांतच धरतो. बेभान होण्याचे समर्थन त्यात शोधू नये. वर्ड्‌स्वर्थच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या १८०० च्या प्रस्तावनेतून, कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त ओघ, हे सगळेच उद्धृत करतात. मोलाची कविता दीर्घ आणि सखोल विचार केलेल्याच्याच हातून घडते, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध मात्र तयार नोट्समध्ये सापडत नाही. नोट्सवर प्रबंध उभा राहत नाही, हे स्पष्टच सांगतो.

मार्गदर्शक निवडताना संदर्भांची लांबलचक यादी देणाऱ्यापेक्षा ‘हे कोणत्या पानावर आहे?’ असे विचारणारा बरा. त्याचा राग येतो. माझा अजूनही पुरता ओसरलेला नाही.

तरीही घाबरण्याचे कारण नाही, कारण सुरुवात थोड्या पानांनी होऊ शकते. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ आणि बुद्धिवादाचा प्रणेता मानला जाणारा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांचा पत्रव्यवहार १६४३ मध्ये सुरू झाला. सुख विवेकाच्या स्वाधीन आहे, असे देकार्त सांगतो, तेव्हा स्वतः आजारपण आणि कौटुंबिक आपत्ती सोसणारी एलिझाबेथ १६४५ मध्ये विचारते की, विचारशक्तीच हिरावून घेणाऱ्या रोगांचे काय? भावनांची व्याख्या करा, असा आग्रहही तीच धरते. पुढे १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भावनांवरील ग्रंथात देकार्त लिहितो की, भावना स्वभावतः चांगल्याच असतात, टाळायचा तो त्यांचा गैरवापर आणि अतिरेक. बुद्धिवादाच्या रकान्यात हे वाक्य कुठे बसवणार?

फ्रेंच येत नसेल तर आरंभाला इंग्रजी भाषांतर पुरते. मात्र दोघांचीही पत्रे असलेली आवृत्ती घ्यावी. एकट्या देकार्तची पत्रे वाचली तर तो कोणत्या प्रश्नांना उत्तरे देत होता, तेच कळत नाही.