खाऱ्या पाण्याचा फिशटँक: मासे आणि टाकी निवडताना या चुका टाळा

दुकानातला ब्लू टँग चार बोटांएवढा असतो. निळाजर्द अंग, पिवळी शेपटी. मुलं हट्ट धरतात, "बाबा, 'फाइंडिंग निमो'तली डोरी घ्या ना," आणि तो मासा पिशवीत बसून घरच्या दोन फुटी टाकीत येतो. हाच मासा पुरा वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे फूटभर मासा आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी! त्याला धड वळताही येत नाही. तो घाबरतो, अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि मग आपण पाण्याला दोष देत औषधाची बाटली आणायला धावतो.

मी अनेक वर्षं ठाण्यात घरी मरीन टँक ठेवते आहे, ओळखीच्यांच्या टाक्याही लावून देते. घरोघरी मेलेल्या माशांची कहाणी ऐकली की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. मासा घेताना त्याचा दुकानातला आकार पाहिलेला असतो, मोठेपणीचा विचारलेला नसतो. दुकानातले बहुतेक मरीन मासे पोरवयाचे असतात, हे एवढं मनाशी पक्कं केलं तरी निम्म्या चुका टळतील.

टाकी फक्त फुटांत मोजणं

"दोन फुटी टाकी आहे" यावरून काहीच कळत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि १००० ने भागा, की लिटर मिळतात. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी उरतं जेमतेम ४५ लिटर. ९० × ४५ × ४५ ची तीन फुटी टाकी मात्र १८२ लिटरची होते. लांबी दीडपट, पाणी तिपटीहून जास्त.

हे पाणी इतकं महत्त्वाचं का, ते मे महिन्यात समजतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समुद्राचा खारेपणा साधारण ३५, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. ४५ लिटरमधलं दोन लिटर पाणी उडालं तर खारेपणा साडेछत्तीसच्या पुढे जातो. मोठ्या टाकीत पृष्ठभाग जास्त म्हणून तीन लिटर उडालं असं धरा, तरी १६० लिटर पाण्यात तो साडेपस्तीसच्या जरासाच वर जातो. छोट्या टाकीतल्या माशाला हा चढउतार रोज सोसावा लागतो. आणि उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या आरओच्या पाण्याने करायची. पुन्हा खारं पाणी ओतलं तर मीठ वाढतच जातं. ही चूक मी फार घरांत पाहिली आहे.

गोड्या पाण्यात गप्पी आणि मॉली ठेवून ज्यांचा हात बसला आहे, ते त्याच हिशेबाने मरीन टाकी भरतात. पण त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू साधारण एक पंचमांशाने कमी विरघळतो. त्यामुळे माशांची गर्दी इथे चालतच नाही.

माझा आग्रह तीन फुटी टाकीचा. आत्ता पैसे कमी असतील तर सहा महिने थांबा, पण पहिली टाकी हीच घ्या. दोन फुटीच घ्यायची असेल तर क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा वॉचमन गोबी, बस. गोबीबरोबर पिस्टल झिंगा ठेवता आला तर जरूर ठेवा. झिंग्याला नीट दिसत नाही. तो बीळ खणतो, गोबी दाराशी पहारा देतो, आणि झिंगा एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून असतो. एवढ्या दोन जिवांकडे बघत संध्याकाळ जाते. तीन फुटीत क्लाउनची जोडी, फायरफिश, रॉयल ग्रामा, बांगाई कार्डिनल, गोबी असे पाच-सहा लहान मासे सुखाने राहतात. यलो टँग २० सेंटिमीटरचा होतो, त्याचा विचार चार फुटी टाकी आल्यावर. ब्लू टँगसाठी सहा फूट लांबी हवी. नसेल तर तो मासा आपला नाही.

आणि हो, वजन. १२० × ६० × ६० ची टाकी ४३२ लिटरची. पाणी, काच, दगड, स्टँड धरून ती अर्ध्या टनाच्या बरीच पुढे जाते. राहत्या घरांच्या स्लॅबचा भार साधारण चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो. टाकी बीमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

डॅमसेल मासे घालून टाकी "तयार" करणं

माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी दुकानदाराने चार डॅमसेल नावाचे छोटे मासे दिले होते. "हे काटक असतात, टाकी तयार होईल, मग चांगले मासे घाला." मी ऐकलं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अमोनियात जगतात, त्यांचे कल्ले भाजल्यासारखे होतात. माझे तीन मासे गेले. त्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं होतं.

उरला एक काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा डोमिनो. त्याने दोन महिन्यांत सगळी टाकी आपली करून टाकली. नंतर आणलेला प्रत्येक मासा त्याने कोपऱ्यात रेटून मारला. डोमिनो मोठेपणी १४ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि वयाबरोबर जास्तच आक्रमक होतो. त्याला बाहेर काढायला मला सगळे दगड काढावे लागले.

टाकी माशांशिवाय तयार होते. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते कुजू द्या, नाहीतर बाटलीतला अमोनिया वापरा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले आणि पुन्हा अमोनिया घातल्यावर दिवसभरात शून्यावर आले, की टाकी तयार. तोवर रिकामी टाकी बघत बसायचं.

आधी दांडगे, मग गरीब

मरीन मासे जागेला धरून असतात. जो आधी आला त्याची कपार, त्याचा कोपरा. म्हणून सगळ्यात गरीब मासा सगळ्यात आधी घाला: फायरफिश, गोबी. मग कार्डिनल, मग ग्रामा, क्लाउन त्यानंतर, आणि टँग सगळ्यात शेवटी. प्रत्येक माशानंतर दोन-तीन आठवडे थांबा, म्हणजे जिवाणूही नव्या भाराला सरावतात.

भांडण बहुतेकदा सारख्याशी होतं. सारखा आकार, सारखा रंग, सारखं खाणं, म्हणजे प्रतिस्पर्धी. दोन टँग एका लहान टाकीत नकोत. क्लाउनच्या दोन वेगवेगळ्या जाती एकत्र नकोत. क्लाउनची गंमत अशी की सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला थोरला मादी होतो. म्हणून एक मोठा, एक लहान असे घ्या, किंवा दोन अगदी लहान. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत थांबत नाहीत. गडद लाल रंगाचा 'मरून' जातीचा क्लाउन दिसायला देखणा, पण गरीब माशांच्या टाकीत त्याला आणू नका.

तोंडात मावेल तो घास

लायनफिश कुणाशी भांडत नाही. तोंडात मावेल तो मासा गिळतो, एवढंच. रात्री फायरफिश होता, सकाळी नाही. शिवाय त्याचे काटे विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर नकोच. काऊफिश दुकानात फाश्याएवढा गोंडस दिसतो, पण मोठेपणी दीड फुटापर्यंत जातो आणि घाबरला की पाण्यात विष सोडतो. त्यात सगळी टाकी जाऊ शकते.

काही मासे उपाशी मरतात. मँडरिन कोपेपॉड नावाचे बारीक जीव दिवसभर टिपत असतो, नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. कॉपरबँड बटरफ्लाय कित्येकदा खाद्याला तोंडच लावत नाही. म्हणून कुठलाही मासा घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर पैसे देऊ नका.

समुद्री घोडे आणि प्रवाळ कुणी देऊ केले तर सरळ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना २००१ पासून संरक्षण आहे, बाळगणं गुन्हा आहे. टाकीत सिरॅमिकचे दगड लावा. क्लाउन मात्र हॅचरीतलेच, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेलेच मागा. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास केली आहे, आपल्याकडे ऐरोलीलाही झाली आहे. टाकीतच जन्मलेला मासा तयार खाद्य लगेच खातो.

चूक आधीच झाली असेल तर

एखादा मासा वरच्या कोपऱ्यात, हीटर किंवा पंपामागे दडून असेल, पर फाटले असतील, तर त्याला कुणीतरी मारतंय. दिवा बंद ठेवून लांबून वीस मिनिटं बघा, गुन्हेगार सापडेल. मार खाणाऱ्याला काढण्याऐवजी मारणाऱ्याला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत त्याच टाकीत आठवडाभर ठेवा आणि दगडांची मांडणी बदला. त्याची जागाच मोडली की जोर ओसरतो. नाही ओसरला तर तो मासा परत करावा लागेल.

पहाटे सगळेच मासे पृष्ठभागाशी धापा टाकत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. पॉवरहेड, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणारा छोटा पंप, वर वळवून पाणी खळाळतं करा आणि मासे कमी करा. मासा एकाएकी गायब झाला तर आधी फरशी बघा, फायरफिश हमखास उडी मारतो. टाकीवर जाळी हवीच. आणि क्लाउन हाताला चावायला लागला तर घाबरू नका, बहुधा अंडी घातली आहेत.

टाकीत मावेनासा झालेला मासा समुद्रात किंवा खाडीत सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, बहुधा कुणीतरी टाकीतला सोडलेला. आज अटलांटिक आणि कॅरिबियनमधले प्रवाळांवरचे लहान मासे तो फस्त करतो आहे. लायनफिश आपल्या समुद्रातला असला तरी टाकीतल्या माशासोबत रोग जातात. मासा विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, "मोठा झाल्यावर परत घ्याल का?" तो हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या.