रोटरी इंजिनाच्या सीलना तेल कसे द्यावे: मीटरिंग पंप, प्रीमिक्स की वेगळी टाकी?

माझ्दाच्या 13बी या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरचे एपेक्स सील (पातळ पट्ट्या) हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या आतल्या भिंतीवर, सतत घासत असतात. त्यांना तेल मिळावे म्हणून मीटरिंग पंप संपमधले (इंजिनाच्या तळाच्या तेलसाठ्यातले) इंजिन ऑइलच मोजून आत सोडतो आणि ते जळते. म्हणजे या इंजिनाने थोडे तेल ‘खाणे’ हा दोष नव्हे. डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी अजिबात उतरत नसेल, तर मात्र शंका घ्यावी. अडचण इतकीच, की इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेले नसते. त्याची राख मागे उरते.

आधी आहे ती व्यवस्था तपासा. पंपाकडून तेल नेणाऱ्या जुन्या प्लास्टिक नळ्या कडक होऊन तडकतात. नळीच्या टोकाचे, तेल आत सोडणारे नोझल काढून, धुऊन नळीच्या बाजूने फुंका: हवा पुढे गेली पाहिजे, उलट दिशेने येता कामा नये.

सर्वांत सोपा उपाय प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलच्या टाकीतच तेल मिसळणे. जासो एफडी (जपानी मानकातला एक दर्जा) टू-स्ट्रोक तेल घ्या; ते पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच बनवलेले असते. पंप चालू असेल तर लिटरमागे 4 मिली, काढलेला असेल तर 8 मिली. म्हणजे 40 लिटरला 160 किंवा 320 मिली. तेल आधी ओता, पेट्रोल नंतर. धारेनेच ते मिसळते.

तरीही रस्त्यावरच्या गाडीचा पंप काढू नये, असे आमचे स्पष्ट मत. उतारावर गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि पेट्रोलबरोबर प्रीमिक्सही थांबते. पंपाचे तेल चालू राहते. शिवाय माझ्दाच्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-7 गाडीचा मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पंपाचा सिग्नल गेला की लिंप मोडमध्ये जातो, म्हणजे इंजिनाची ताकद मर्यादित करतो.

पंप ठेवून स्वच्छ जळणारे तेल हवे असेल तर पंपाला संपऐवजी वेगळ्या टाकीतले तेल देणारा अॅडॅप्टर बसवा:

1. पंप उतरवून अॅडॅप्टर प्लेट पंप आणि इंजिन यांच्या मध्ये घाला. ओ-रिंग नव्या वापरा. संपकडून येणारा मार्ग इथे बंद होतो.
2. टू-स्ट्रोक तेलाची टाकी पंपापेक्षा उंच, एक्झॉस्टपासून दूर बसवा. नळीत फिल्टर हवा.
3. पंपाजवळची नळी सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्या. राहिलेली हवा म्हणजे कोरडे सील.
4. पहिल्या टाकीभर पेट्रोलमध्ये लिटरमागे 8 मिली तेल घाला. वेगळ्या टाकीतली पातळी उतरताना दिसली, की हे थांबवा.

टाकीला कमी पातळीचा सेन्सर आणि डॅशबोर्डवर दिवा लावाच. ती रिकामी झाली तरी ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलत नाही.