माउस अडखळतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

गेल्या महिन्यात दादरला आत्याकडे गेले, तर चहा यायच्या आधीच तिची तक्रार आली. "अगं, हा माउस बघ ना. मध्येच थांबतो, मग एकदम उडी मारतो. नवा आणला, तोही तसाच!" बॅटऱ्याही दोनदा बदलून झाल्या होत्या. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला माउसचा डोंगल (माउसचा सिग्नल पकडणारा, यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) होता आणि त्याला अगदी खेटून पोर्टेबल हार्ड डिस्क. हार्ड डिस्क काढली आणि माउस सुतासारखा सरळ झाला.

ही चूक मला सगळ्यात जास्त ठिकाणी दिसते. अशा हार्ड डिस्क ज्यावर चालतात त्या यूएसबी ३.० या वेगवान जोडणीमधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावते, तेव्हा केबल आणि कनेक्टरमधून रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो. तो नेमका रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि बिनतारी माउस-कीबोर्डचे डोंगल याच पट्ट्यावर चालतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. गाडी धडधडत प्लॅटफॉर्ममध्ये शिरताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही, तशी डोंगलची गत होते. उपाय अगदी साधा आहे. डोंगल हार्ड डिस्कच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. त्याहून उत्तम म्हणजे छोटी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घेऊन तो माउसजवळ टेबलावर ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठल्याही दुकानात ती मिळते. डेस्कटॉपच्या मागे, भिंतीकडे तोंड करून डोंगल खोचणाऱ्यांनी तर ही केबल घ्यावीच. लोखंडी कॅबिनेट मध्ये आलं की सिग्नल आणखी दबतो.

दुसरी चूक राउटरच्या जागेची. त्याचं वायफायही याच २.४ च्या पट्ट्यावर चालतं. आपल्या वन बीएचकेत जागा ती किती! मग राउटर कामाच्या टेबलावरच, लॅपटॉपला चिकटून बसतो. दोन हात लांब, शक्यतो उंचावर ठेवा. आणि लॅपटॉप, मोबाइल वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. ही लहर भिंतींपुढे लवकर थकते हे खरं, पण एवढ्याशा घरात ती सहसा पुरते. बऱ्याच राउटरांवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं, त्यामुळे लॅपटॉप गुपचूप २.४ वर जाऊन बसतो. सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी करा. २.४ बंद मात्र करू नका. जुना प्रिंटर, स्मार्ट प्लग बहुधा त्यावरच चालतात.

चाळ असो की टॉवर, मोबाइलवर वायफाय शोधलं की शेजाऱ्यांची भलीमोठी यादी येते. ती बघून लोक राउटरच्या सेटिंगमध्ये "मोकळा" म्हणून चॅनल, म्हणजे २.४ च्या पट्ट्यातली मार्गिका, ३ किंवा ९ निवडतात. इथेच फसगत होते. चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण वायफाय प्रत्यक्षात साधारण २० मेगाहर्ट्झ जागा घेतं. म्हणजे ३ वर बसलात की १ आणि ६ दोघांशीही टक्कर. १, ६, ११ यांपैकीच जो कमी गजबजलेला असेल तो घ्या. चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतं. ते आपल्या ७९ चॅनलांवर उड्या मारत गजबजलेली जागा टाळतं, पण वायफायने अर्धा पट्टा व्यापला तर ते तरी पळणार कुठे?

स्वयंपाकघराची भिंत लागून असेल, तर मायक्रोवेव्हही बघा. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. फक्त जेवण गरम करतानाच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज तुटत असेल, तर दुसरीकडे शोधायलाच नको.

एवढं करूनही माउस अडखळला, तर राउटर दोन मिनिटं बंद करून बघा. तरीही तसाच राहिला, तर डोंगलसकट माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही अडखळला, तरच नव्याचे पैसे काढा.